जुन्या कव्हरातली रॅम

दोघी बहिणी मिळून कार्टून मालिकांना पार्श्वसंगीत द्यायच्या. धाकटी चाली बांधायची आणि थोरली बाकीचं सगळं बघायची. बाकीचं सगळं म्हणजे माइक, तारा, रेकॉर्डिंग, मिक्सिंग, निर्मातीबाईंचे फोन आणि मुख्य म्हणजे कॉम्प्युटर. धाकटीला कॉम्प्युटर चालू करायचं बटण माहीत होतं, आणि तेवढं पुरतं असं ती वर्षानुवर्षं धरून चालली होती. कुणी काही विचारलंच तर म्हणायची, "मशीनचं ताईला विचारा. मी नुसती सूर दाबणारी."

त्यांचा स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली. भिंतींना जाड राखाडी फेल्ट, खिडकीला दुहेरी काच. तरीही खालच्या टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर सुरू झाला की त्याची घरघर फरशीतून वर यायची आणि माइकमध्ये जाऊन बसायची. त्यामुळे आवाजाचं काम असलं की थोरली जिन्यातून खाली ओरडायची, "काका, जेवण झालं का?" टायरवाले समजायचे. कॉम्प्रेसर बंद करून ते खरोखरच डबा उघडून बसायचे. कधीकधी दिवसातून तीनदा. "तुमच्या संगीतापायी माझं पोट सुटलं," असं ते म्हणायचे.

कॉम्प्युटर थोरलीनं स्वतः जुळवलेला होता. त्या दिवशी टेबलावर सगळे भाग मांडलेले असताना तिनं धाकटीला हाक मारून दोन लांबट स्टिका हातात दिल्या होत्या. काळ्या, वरून धातूचं कव्हर असलेल्या.

"ही रॅम. तुझी व्हायोलिनं, बासऱ्या, ढोल, सगळे इथं येऊन उभे राहतात. तू सूर दाबलास की इथनं उठून पळत यायला हवेत. या दोन्ही सहा हजारच्या वेगानं पळतात."

"आणि दिसायला सारख्या. अदलाबदल झाली तर?"

"मग कर खुणा."

धाकटीनं पर्समधलं हिरवं नेलपॉलिश काढलं आणि एका कव्हरावर एक ठिपका दिला, दुसऱ्यावर दोन. थोरली हसली होती. त्या स्टिका मदरबोर्डवरच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य पाटीवरच्या, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसल्या, पहिली आणि तिसरी रिकामी राहिली. पुढंमागं वाढवायला जागा, असं थोरली म्हणाली होती. पेटीची एक बाजू काचेची होती, त्यातून हिरवे ठिपके दिसायचे.

त्यानंतर बरीच कामं झाली. आता हातात होती ती समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका आळशी खेकड्याची मालिका. मुलांना खेकडा आवडला, निर्मातीबाईंना संगीत आवडलं, सगळं छान चाललं होतं. पण गेल्या काही भागांपासून मशीन रडायला लागलं. वाद्यं जरा जास्त झाली की आवाजात तडतड यायची. मध्येच सगळं गोठायचं आणि बंद करून पुन्हा चालू करावं लागायचं. दोन भाग उशिरा गेले. दोन्ही वेळा थोरलीनंच बाईंना फोन करून सांभाळून घेतलं. फोनवर बोलायला ती गॅलरीत जायची, कारण खोलीत रेंज येत नाही असं ती म्हणायची.

"मशीन म्हातारं झालं का गं ताई?" धाकटीनं विचारलं.

"तूच फार वाद्यं घालतेस. खेकडा आहे तो, राजा नाही."

शेवटच्या भागात वादळ होतं. सगळा समुद्र ढवळून निघतो आणि खेकडा आयुष्यात पहिल्यांदा धावतो. धाकटीच्या डोक्यात पूर्ण वाद्यवृंद वाजत होता. नेमकं त्याच वेळी थोरलीच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्या दुसऱ्या गावी राहायच्या.

"सूनबाई मीच एकटी, जायलाच हवं," थोरली म्हणाली. "तू सुरावटी तयार कर, मिक्सिंग मी आल्यावर करते. आणि मशीनला हात लावू नकोस. मागंच दुकानात नेऊन पंखा साफ करून आणलाय."

धाकटीनं बाजारातून गुडघ्याखाली घ्यायची मऊ उशी आणली, निळी, खोळीला चेन असलेली. "सासूबाईंना दे माझ्याकडून," म्हणाली. थोरलीनं उशी काखेत मारली आणि पटापट जिना उतरली.

वादळाचं काम दोन दिवसही चाललं नाही. बासऱ्यांवर ढोल चढवले की तडतड, त्यावर व्हायोलिन चढवलं की सगळं ठप्प. थोरलीला फोन लावावा तर ती "दवाखान्यात आहे, नंतर बोलते" म्हणायची. शेवटी धाकटीनं ठरवलं, की दोन खाचा रिकाम्या आहेत ना, मग त्या भरायच्या. ताई आल्यावर चकित होईल. जुन्या स्टिकांचं खोकं माळ्यावर होतं. ते घेऊन ती मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेली आणि अगदी तश्शाच दोन स्टिका घेऊन आली.

मशीन उघडायच्या आधी तिनं हात धुऊन कोरडे केले. थोरली काय काय करते ते तिनं इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलं होतं, पण बघणं वेगळं. तिनं वायर काढली, अंगातली वीज उतरावी म्हणून आधी पत्र्याला हात लावला, खाचेची कडी मागं ओढली आणि स्टिक दाबली. बसेना. तिनं उलटी धरली होती. सुलटी करून दाबल्यावर खट् वाजलं, आणि आपण हे मोडलं की बसवलं ते तिला कळेना.

चालू केलं तर पडदा काळा. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण पडदा काळाच. मोबाइलवर शोधलं तेव्हा कुणीतरी लिहिलं होतं की नवी रॅम टाकल्यावर मशीन पहिल्यांदा बराच वेळ घेतं, धीर धरा. तिनं धीर धरला, म्हणजे खुर्चीत पाय वर घेऊन नखं खाल्ली. शेवटी कंपनीचं चिन्ह उमटलं आणि ती एकटीच टाळ्या वाजवून मोकळी झाली.

पण आनंद फार टिकला नाही. मेमरी दुप्पट दिसत होती आणि वेग दिसत होता छत्तीसशे. सहा हजार कुठं, छत्तीसशे कुठं. बायोस नावाच्या पडद्यावर शिरून तिनं मोबाइलवर वाचल्याप्रमाणे वेगाचं सेटिंग वाढवून पाहिलं, तर मशीन उठेचना. सेल काढून, परत बसवून, सगळं पहिल्यासारखं करावं लागलं. मग तिनं थोरलीला फोन लावला. यावेळी लागला.

"ताई, रागावू नकोस. मी रॅम वाढवली."

"कुणी सांगितलं होतं तुला?" थोरली म्हणाली.

"कुणी नाही. काम अडलं होतं. तश्शाच स्टिका आणल्यात गं, खोकं दाखवून. पण वेग छत्तीसशेच येतोय."

"येणारच. चार लावल्या की वेग पडतो. सगळ्यांचाच पडतो. मदरबोर्डला चार ओझी झेपत नाहीत. काढ त्या नव्या आणि दुकानात परत दे. जुन्यांना हात लावू नकोस, मी येऊन बघते."

"सासूबाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. काढ त्या आधी."

फोन ठेवल्यावर धाकटीनं पुन्हा मोबाइलवर शोधलं. थोरली म्हणाली ते बरोबर होतं. जगभरची माणसं तेच रडगाणं गात होती, की दोन स्टिका सुसाट पळतात आणि चार लावल्या की बसकण मारतात. धाकटीला हायसं वाटलं. ताईला सगळं कळतं, आपण उगाच शहाणपणा केला, असं म्हणत तिनं नव्या स्टिका काढल्या आणि मशीन चालू केलं.

वेग अठ्ठेचाळीसशे.

मी काहीतरी बिघडवलं, हा तिचा पहिला विचार. आधी ती तो पडदा कधी बघायचीच नाही, पण आता बघायला शिकली होती. बायोसमध्ये गेली. नव्या स्टिका आत असताना तिथं त्यांच्या वेगाचं तयार सेटिंग, 'प्रोफाइल' म्हणतात ते, दिसत होतं. आता ती ओळच नव्हती. तिनं मशीन बंद केलं, स्टिका काढल्या, सोनेरी दात मऊ फडक्यानं पुसले, परत बसवल्या. अठ्ठेचाळीसशे. अदलाबदल केली, तरी अठ्ठेचाळीसशे. एकेकटी लावून पाहिली. एक ठिपकावाली नीट चालली. दोन ठिपकेवाली लावून तिनं मेमरीची चाचणी सुरू केली तर पडद्यावर लाल ओळींची माळच लागली. दर थोड्या वेळानं चूक, चूक, चूक.

मग तिनं दोन्ही जुन्या बाजूला ठेवल्या आणि त्याच दोन खाचांत नव्या बसवल्या. मशीन उठलं. प्रोफाइल आलं. सहा हजार. चाचणीत एकही लाल ओळ नाही.

म्हणजे मदरबोर्ड ठणठणीत होता आणि खाचाही. धाकटी खुर्चीत मागं टेकली आणि जुन्या स्टिका हातात घेऊन खिडकीशी गेली. हिरवे ठिपके तिचेच. दुसरा ठिपका जरा ओघळलेला, तोही तसाच. पण कव्हराच्या कडेला, जिथं धातू चिकटपट्टीनं आतल्या पाटीला जोडलेला असतो, तिथं पट्टी सुरकुतली होती. कुणीतरी कव्हर गरम करून उचकटलं होतं आणि पुन्हा दाबून बसवलं होतं. तिनं नखानं एक कोपरा उचलला. आतल्या चिपांवर भलत्याच कंपनीचं नाव होतं.

कव्हरं त्यांच्या स्टिकांची होती आणि आतला माल दुसऱ्याचा होता.

तिला आठवलं, मशीन साफ करायला दुकानात गेलं होतं, आणि तडतड त्यानंतरच सुरू झाली होती. तिचं डोकं तडकलं. स्टिका पर्समध्ये टाकून ती तशीच निघाली. दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. दुकानदार थोरलीच्या ओळखीचा, चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसणारा माणूस. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी होती. धाकटीनं त्यांचा विचारही केला नाही.

"लाज नाही वाटत? विश्वासानं मशीन दिलं तुमच्याकडे, आणि तुम्ही रॅम काढून घेतलीत? वर कव्हरं चिकटवलीत, आम्हाला कळू नये म्हणून?"

दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर घेतला, स्टिका हातात घेतल्या, उलटसुलट केल्या. तो रागावला नाही, गोंधळला.

"अहो, ही कव्हरं मीच बदलली. तुमच्या ताई इथं स्टुलावर बसून होत्या, त्यांनीच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"हेच, की चांगल्या स्टिका नव्या मशीनला लावा, आणि जुन्या मशीनला कामचलाऊ कुठल्याही घाला. मी म्हटलं, माझ्याकडं वापरलेल्या आहेत. चालतील म्हणाल्या. कव्हरं मात्र तीच हवीत, धाकटीच्या खुणा आहेत, तिचा जीव आहे त्यांच्यावर." तो जरासा हसलाही. "मला वाटलं, किती माया. आणि तुमचं नवं मशीन काय सुंदर झालंय हो! सगळे भाग यायला वेळ लागला, काल मीच पोचवलं नव्या खोलीवर."

"नव्या खोलीवर," धाकटी म्हणाली.

"ती बंद दवाखान्यामागची. शांत जागा शोधलीत बघा. इथं टायरवाल्याचा त्रासच होता तुम्हा दोघींना."

तुम्हा दोघींना. गिऱ्हाइकं तिच्याकडं बघत होती. तिनं स्टिका परत पर्समध्ये टाकल्या आणि म्हणाली, "माफ करा. माझा गैरसमज झाला." दुकानदार म्हणाला, "असू द्या हो, होतं." ती पायऱ्या उतरली आणि स्टुडिओकडं न वळता बंद दवाखान्याच्या दिशेनं निघाली.

रस्त्यानं जाताना ती थोरलीच्या बाजूनं कारणं शोधत होती. नवा स्टुडिओ म्हणजे कदाचित तिच्यासाठीच. कदाचित थोरलीला तिला चकित करायचं असेल, जसं तिला थोरलीला करायचं होतं. सासूबाईंचं ऑपरेशन लवकर आटोपलं असेल. बंद दवाखान्याचं गंजकं फाटक दिसेपर्यंत तिनं स्वतःला जवळजवळ पटवलं होतं.

मागच्या बाजूला बैठी खोली होती. दार नवं, जाड, कडांना रबर. तरी ते नीट लागलं नव्हतं, कारण फटीतून एक वायर बाहेर गेली होती. आतून संगीत ऐकू येत होतं. चाल तिची नव्हती. ती कान देऊन उभी राहिली. चाल साधी होती, जरा लंगडत चालणारी, मध्येच गंमतशीर उडी घेणारी. चांगली होती. तिच्या आत जे काही पटवून ठेवलेलं होतं ते तिथंच बसलं खाली.

तिनं दार ढकललं.

थोरली पाठमोरी होती. समोर दोन पडदे, नवा कीबोर्ड, काचेच्या पेटीतलं नवं मशीन. खुर्चीत पाठीशी निळी उशी होती, चेन असलेली.

"सासूबाईंना लागली नाही वाटतं," धाकटी म्हणाली.

थोरली वळली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू कठीण झाला. लहानपणी चोरून काही खाताना पकडली गेली की ती असाच चेहरा करायची.

"बस," ती म्हणाली.

"उभीच बरी आहे."

"मी सांगणार होते तुला."

"कधी?"

"मालिका संपल्यावर. एकदम सांगितलं असतं तर तुझं काम बिघडलं असतं."

"माझं काम!" धाकटीला हसूच आलं. "काय चालू आहे इथं?"

थोरलीनं आवाज बंद केला. मग सगळं सरळ सांगितलं, हिशेबनीसासारखं, आवाज न चढवता. खेकड्याच्या पुढच्या मालिकेचं काम बाईंनी तिला दिलं होतं. तिला एकटीला. चाली तीच करणार होती, मिक्सिंगही तीच.

"बाईंनी स्वतःहून दिलं?"

"मी विचारलं. मी म्हटलं, धाकटीला आता झेपत नाही, दोन भाग उशिरा गेले..."

"मशीनमुळे गेले!"

"हो."

"तूच खराब रॅम घातलीस आत. मला उशीर व्हावा म्हणून?"

"नाही!" पहिल्यांदा थोरलीचा आवाज चिरकला. "तेवढी वाईट नाही मी. मला नवं मशीन उभं करायचं होतं आणि तुझ्या कामाला साध्या स्टिकाही पुरतील असं वाटलं. त्या वापरलेल्यांतली एक खराब निघेल हे मला कुठं माहीत होतं?" मग, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून, ती तेही बोलली. "पण उशीर झाल्यावर त्याचा उपयोग केला. ते केलं मी."

धाकटीनं पर्समधून स्टिका काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"न्यायच्या तर न्यायच्या. तूच आणलेल्या. मशीनच उचलून नेलं असतंस तरी मी काही बोलले नसते. पण कव्हरं का बदललीस?"

"तुझ्या मशीनच्या काचेतनं दिसतात. ठिपके दिसले नसते तर तू विचारलं असतंस."

"मग?"

"मग मला सांगावं लागलं असतं."

बाहेर कुणाची तरी सायकल फाटकाला टेकल्याचा आवाज आला.

"तू कधी ऐकलंस माझं?" थोरली म्हणाली. "मागं एकदा चाल करून आणली होती. तू म्हणालीस, 'ताई, तू आपली तारा बघ.' सगळ्यांसमोर. बाई हसल्या, मीही हसले. नावं येतात तेव्हा तुझं मोठं येतं आणि माझं तांत्रिक साहाय्यात, वीजवाल्याच्या वर."

धाकटीला ते आठवत नव्हतं. पण आपण असं म्हणालो असू, हे तिला लगेच पटलं, आणि त्याचाच जास्त राग आला. कारण आता तिच्याकडं नुसतं चिडायची सोयही उरली नव्हती.

"मग भांडायचं होतंस," ती म्हणाली. "ताई, आयुष्यभर भांडलो आपण. बाथरूमवरून भांडलो, रिमोटवरून भांडलो. हे एक भांडण तुला करता आलं नाही?"

थोरली कीबोर्डची वायर सरळ करत राहिली.

"फोनवर म्हणालीस, चार लावल्या की वेग पडतो. मी वाचलं, खरं होतं ते. खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं. तू खरं सांगून फसवलंस मला. आता तू पुढं कधी खरं सांगितलंस तर मी काय करू?"

ती वळली आणि निघाली. मागून हाक आली नाही. फाटकापाशी पोचल्यावर तिला जाणवलं की ती हाकेची वाट बघत चालली होती.

वडील धाकटीकडंच राहायचे. ती घरी आली तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. तिनं चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. दुकान, खोली, उशी, सगळं. वडिलांचे हात मध्येच थांबले आणि परत चालू झाले. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत सोडले.

"कळलं का तुला?" ते म्हणाले.

त्या तीन शब्दांचा अर्थ तिला जरा उशिरा लागला.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"सांगितलं होतं तिनं. म्हणाली, बोलू नका."

"आणि तुम्ही बोलला नाहीत. मी रोज तुमच्यासमोर बसून जेवते. रोज सांगते, आज मशीन अडकलं, आज तडतड आली. तुम्ही म्हणायचात, होईल नीट."

"आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी कुणाच्या बाजूनं बोलू?" त्यांचे डोळे भरले. "मला वाटलं, तुमचं तुम्ही बघाल. तिलाही काहीतरी स्वतःचं हवं होतं गं."

"मला सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो," वडील म्हणाले. "हवं होतं."

थोरलीचा राग तिला धरता येत होता, त्याला कडा होत्या. म्हाताऱ्याचा राग कुठं धरावा तेच कळेना. तिनं मटाराची वाटी उचलून ओट्यावर ठेवली, कुकर लावला, त्यांच्या गोळ्या काढून दिल्या. त्या दिवशी घरात भांड्यांखेरीज कशाचाच आवाज झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती वादळाला लागली. मशीनमध्ये आता फक्त नव्या दोन स्टिका होत्या, सहा हजारवर, एकही चूक न करणाऱ्या. तशाच आणखी दोन घालून पाहाव्यात असं मनात आलं, पण चार झाल्या की वेगाचं काय होतं ते तिनं वाचलं होतं. शिवाय मशीनवर अजून प्रयोग करायची तिच्यात ताकद नव्हती. होत्या तेवढ्यात भागवायचं ठरवलं. पूर्ण वाद्यवृंद एकदम उभा राहीना, म्हणून तिनं एकेक वाद्य आधी वाजवून, पक्कं करून, मेमरीतून उतरवलं आणि पुढचं घेतलं. मिक्सिंग कधी केलं नव्हतं. ढोल इतके मोठे झाले की खेकडा त्यात बुडाला, मग इतके लहान की वादळ पंख्याच्या वाऱ्यासारखं वाटायला लागलं. तिनं पुन्हा केलं. जिन्यातून ओरडली, "काका, जेवण झालं का?" टायरवाल्यांनी कॉम्प्रेसर बंद केला आणि विचारलं, "आज तुम्ही? ताई कुठाय?" तिनं नुसता हात हलवला.

काम वेळेवर गेलं. थोरलीच्या हातचं जितकं स्वच्छ असायचं तितकं ते नव्हतं, हे तिला ऐकू येत होतं. निर्मातीबाईंना ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी फोन करून कौतुक केलं, आणि जरा अवघडून म्हणाल्या, "शेवटी नावं जातात त्यात... काय घालायचं? ताईंचं ठेवायचं ना?"

धाकटी खिडकीशी गेली. खाली टायरवाले एका ट्यूबला पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते.

"ठेवा," ती म्हणाली. "या मालिकेचं जवळजवळ सगळं रेकॉर्डिंग तिचंच आहे. मिक्सिंगमध्येही तिचं नाव घाला, शेवटचा भाग सोडून. त्यात माझं."

"आणि पुढच्या मालिकेचं तुम्हाला कळलंच असेल. मला वाटलं, तुमच्या संमतीनंच चाललंय. ताई तसं म्हणाल्या होत्या."

"हो का?" धाकटी म्हणाली, आणि फोन ठेवला.

दिवस गेले. तिला एका जाहिरातवाल्याचं काम मिळालं, मग एका बाहुल्यांच्या नाटकाचं. मशीन तीच उघडायची, तीच पुसायची, अडलं तर तीच डोकं खाजवत बसायची. दुरुस्तीच्या दुकानात ती पुन्हा गेली नाही. दुकानदाराचा काही दोष नव्हता, पण तो मायेबद्दल जे म्हणाला होता ते तिला आठवायचं.

वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा दोघी बहिणी दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसल्या. मध्ये वडिलांची पिशवी होती. थोरली जरा वाळली होती. तिची मालिका सुरू झाली होती, धाकटीनं एक भाग पाहिला होता. चाली बऱ्या होत्या. लंगडत चालणारी ती चाल खेकड्याला शोभत होती.

"मशीन कसं आहे?" थोरलीनं विचारलं.

"आहे."

"कधी अडलं तर सांग. मी येईन."

तिच्या आवाजात खरंच येण्याची तयारी होती. धाकटीला ते ऐकू आलं, जसा मिक्सिंगमधला प्रत्येक दोष आता तिला ऐकू यायचा. तिनं थोरलीकडं पाहिलं. त्या चेहऱ्यावरचं हे खरं आहे की नुसतं वरवरचं, हे बघायला तिचे डोळे आपोआप बारीक झाले. थोरलीला ते दिसलं. तिनं मान खाली घातली.

"नको," धाकटी म्हणाली. "येतं मला."

नर्सनं दार उघडून आत बोलावलं. एकालाच जाता येईल, असं ती म्हणाली.

"तू जा," थोरली म्हणाली.

धाकटी पिशवी घेऊन आत गेली.